मूळ तेलुगू

"जिजाबाई, 'एक प्रकारची आंबट पालेभाजी' म्हटलं तर तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं?"

जिजाबाईनं टोपलं ओट्यावर उतरवलं आणि पदरानं कपाळ पुसलं. सुचिताबाईंच्या घरामागेच तिचा भाजीचा मळा होता. रिसोडच्या बाजारात बसायला जाण्याआधी मॅडमच्या ओट्यावर टोपलं टेकवायचं, तांब्याभर पाणी प्यायचं आणि मग पुढं जायचं, हा तिचा रोजचा शिरस्ता.

"आंबट म्हनता तं अंबाडी असीन, नाईतं चुका. काहून? कोनाले पायजे?"

"कोणाला नको. या पुस्तकात आहे. एक म्हातारी आपल्या लेकीसाठी करते."

"मंग अंबाडीच. लेक आल्यावर चुका कोन करते?" जिजाबाईनं टोपल्यातली अंबाडीची एक जुडी काढून त्यांच्यापुढं ठेवली. "घ्या, कण्या टाकून करा. पन लिवनाऱ्यानं सरळ अंबाडी काहून नाई लिवलं?"

"तेच तर मी पाहून राह्यले," सुचिताबाई म्हणाल्या आणि पुन्हा पुस्तकात शिरल्या.

सुचिताबाई मामिडवार रिसोडच्या एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा धीरज नाशिकला, रविवारी न चुकता फोन करणारा. पुण्याच्या एका मासिकात त्या पुस्तकांची परीक्षणं लिहीत, आणि त्यांच्याकडं येत ती बहुतेक अनुवादित पुस्तकं. कविता आणि आत्मचरित्रं पुण्या-मुंबईतले लोक आपसात वाटून घेत; अनुवाद कोणी घ्यायला तयार नसे, म्हणून तो रिसोडला येई. बंगाली, कन्नड, रशियन, काय काय आलं. यातली एकही भाषा त्यांना येत नव्हती. तरी प्रत्येक परीक्षणाच्या शेवटी एक परिच्छेद ठरलेला असे. 'अनुवाद सहज आणि ओघवता झाला आहे. आपण अनुवाद वाचतो आहोत असे कुठेही वाटत नाही. मुखपृष्ठ समर्पक.' एखादं पुस्तक फारच अडखळत असलं तर 'क्वचित भाषा रुक्ष होते' एवढं वाढवायचं. सगळेच परीक्षक असं लिहीत. त्यात आपण काही चुकीचं करतो आहोत असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

या वेळचं पुस्तक मात्र वेगळं होतं. आतल्या पानावर 'मूळ तेलुगू' असं छापलं होतं.

तेलुगू ही सुचिताबाईंच्या आईची भाषा. माहेर किनवटचं, आई आदिलाबादकडच्या खेड्यातली. दुकानात मराठी, शाळेत मराठी, आणि चुलीपाशी आईजवळ बसलं की तेलुगू. लिपी त्या कधी शिकल्या नाहीत. शिकवणारं कोणी नव्हतं. लग्न होऊन रिसोडला आल्या तेव्हा सासरही नात्यातलंच, पण तिथं आडनाव तेवढं तेलुगू उरलं होतं. सासूबाईंना त्यांनी पहिल्याच दिवशी तेलुगूत काही विचारलं, तर त्या हसून म्हणाल्या होत्या, "आमच्या आजेसासऱ्याबरोबर गेलं ते सगळं." पुढं संध्याकाळचा आईचा फोन, एवढीच त्या भाषेची जागा राहिली. 'तिन्नवा बिड्डा?' जेवलीस का पोरी, इथून सुरुवात व्हायची. चार वर्षांपूर्वी आई गेली. भाऊ नांदेडला, तो मराठीच बोले. टीव्हीवरचे तेलुगू सिनेमे लावून पाहिले, पण ती आंध्रच्या समुद्राकडची तेलुगू. भरभर जाई, आपली वाटत नसे. हात भाजला की तोंडून 'अम्मो' निघायचं, तेवढंच. ते ऐकायलाही घरात कोणी नव्हतं.

आणि ही कादंबरी नेमकी आदिलाबादकडच्या खेड्यातली. राजव्वा नावाच्या म्हाताऱ्या बाईची. ती शहरात लेकीकडं राहायला जाते, तिथं नातवंडांना तिची बोली कळत नाही, आणि शेवटी ती एकटीच गावी परत निघते. निघताना उंबऱ्यावर उभी राहून लेकीला म्हणते, 'मी जाते, बाळा.'

सुचिताबाई त्या वाक्याशी अडल्या, त्याला दोन दिवस झाले होते. राजव्वा असं म्हणणारच नाही. त्यांची आई किनवटच्या स्टँडवर उभी राहून काय म्हणायची? 'पोयोस्ता बिड्डा.' जाऊन येते, पोरी. मराठीतही बाई निघताना 'येते'च म्हणते. दोन्ही भाषांत जे आहे ते सोडून हे 'जाते' मधेच कुठून आलं?

त्यांनी पुस्तक उलटं केलं. मागच्या मुखपृष्ठावर अनुवादकाचा छोटा फोटो होता, डोक्यावर पांढरे केस, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. खाली नाव होतं. उदयसिंग राठोड, निवृत्त शिक्षक, मेडशी, जिल्हा वाशिम.

मेडशी! मालेगावच्या पुढं, अकोल्याच्या रस्त्यावर. सुचिताबाईंनी ते गाव पुन्हा पुन्हा वाचलं. या जिल्ह्यात तेलुगू जाणणारा माणूस आहे आणि आपल्याला ठाऊक नाही? चुका राहिल्या असतील. नोकरीच्या निमित्तानं तिकडं राहून शिकला असेल, घरातली भाषा नसेल. पण येते तर खरी. बोलता तर येईल.

परीक्षकानं लेखकाच्या घरी जाऊ नये हा संकेत त्यांना माहीत होता. आपण दोन शंका विचारायला जातो आहोत, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि ठेवणीतली साडी काढली.

मालेगावला एसटी बदलून त्या मेडशीच्या गाडीत बसल्या. सोयाबीन निघून गेलं होतं, तुरी फुलावर होत्या. खिडकीशी बसून त्या मनातल्या मनात वाक्यं जुळवत होत्या. पुष्कळ शब्द आठवायला वेळ लागत होता. एक शब्द तर काही केल्या येईना. चुलीतली राख बाजूला करायचं ते लाकूड, त्याला आई काय म्हणायची? शेजारची बाई आपल्याकडं बघते आहे हे लक्षात आलं तेव्हा त्यांना कळलं, आपण पुटपुटतो आहोत.

राठोड सरांचं घर स्टँडपासून जवळच निघालं. दार त्यांनीच उघडलं. फोटोतल्यापेक्षा थकलेले दिसत होते.

"बागुन्नारा?" सुचिताबाई म्हणाल्या. बरे आहात ना? आणि पाठोपाठ, मी रिसोडहून आले, तुमचं पुस्तक वाचलं, असं सगळं बसमध्ये जुळवलेलं एका दमात बोलून गेल्या.

राठोड सर त्यांच्याकडं बघत राहिले. मग संकोचानं हसले.

"माफ करा, मले समजलं नाई. कोनाकडं आल्या तुमी?"

सुचिताबाईंना दारातूनच परत फिरावंसं वाटलं. पण आतून सून, निता, पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, आणि एवढ्या लांब आलेल्या माणसानं पाणी न पिता कसं जायचं? त्या बसल्या. आपण कोण ते त्यांनी मराठीत सांगितलं.

"परीक्षण म्हनता? माह्या पुस्तकाचं?" सर एकदम उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. "निता, चहा ठेव. साखर जराशी बेतानं." मग आवाज खाली करून म्हणाले, "मॅडम, मले तेलगू येत नाई. मी आश्रमशाळेत हिंदी शिकवत होतो. हे मी हिंदीवरून केलं."

"पुस्तकात तसं लिहिलेलं नाही."

"मी लिवून देलतं. पयलंच वाक्य होतं माह्या मनोगतात. प्रकाशक म्हने, राठोड सर, हिंदीवरून म्हनलं का लोक म्हनतात उष्टं हाये. ते वाक्यच काढून टाकलं त्यानं. मले पुस्तक छापून आल्यावर समजलं. तेव्हाच बोलाले पायजे होतं मी. नाई बोललो. पयलंच पुस्तक होतं ना."

चहा आला. सुचिताबाईंनी कप हातात धरला. इतक्या दिवसांनी आपण जे बोललो ते या माणसाच्या दृष्टीनं नुसता आवाज होता, याचंच त्यांना राहून राहून वाटत होतं.

"हेच पुस्तक का घेतलंत?" त्यांनी विचारलं.

"अकोल्याले जुन्या पुस्तकाच्या दुकानात भेटलं. अर्धं वाचलं अन् बंद केलं. माह्यानं वाचवलं नाई." सरांनी चष्मा काढला. "आमी गोरमाटी, मॅडम. बंजारा. माही याडी, म्हंजे माय, तिले दुसरी बोलीच येत नव्हती. दवाखान्यात नेलतं तिले, अन् मी शाळेच्या कामानं बाहेर. रातभर ती नर्सले सांगत होती कुठं दुखते ते. त्या पोरीले काय समजन? सकाळी मी गेलो तं नर्स म्हने, मावशी लय बोलत होत्या, काय बोलत होत्या कोनास ठाऊक. त्याच दिवशी गेली ती. मंग हे पुस्तक वाचताना सारखं वाटे, ही राजव्वा आपल्याले माहीत हाये. मराठीत आनली तं कोनी तरी आयकन तिचं."

नितानं मधेच आत डोकावून सासऱ्याकडं पाहिलं आणि ती परत गेली.

सुचिताबाईंनी पिशवीतून पुस्तक काढलं. त्यांना आता काही विचारायचं नव्हतं, पण दुसरं बोलणार तरी काय? त्यांनी ते पान उघडलं. "इथं ती म्हणते, 'मी जाते, बाळा.' हिंदीत काय आहे?"

"अच्छा, चलती हूँ बेटी." सरांना पाठच होतं. "पयले मी 'येते' लिवलं होतं. मंग खोडलं. म्हनलं, ती काही परत येनार नाई, पुढच्या पानावर मरते. वाचकाले थोडं समजाले पायजे. म्हनून 'जाते' केलं."

सुचिताबाईंना वाटलं होतं हा निष्काळजीपणा आहे. या माणसानं त्या एका शब्दावर विचार केला होता.

"पण सर, ती मरणार हे तिला ठाऊक असतं, तरी ती 'येते'च म्हणाली असती."

राठोड सरांनी पुस्तक आपल्याकडं ओढलं. बाहेर ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पार विरेपर्यंत ते पुस्तकाच्या त्या ओळीकडं बघत होते.

"हे आपल्याले सुचलं नाई," ते म्हणाले. "बरोबर हाये तुमचं." मग चेहऱ्यावर एकदम कुतूहल आलं. "मॅडम, मी दोन वर्षं त्या बाईसंग राह्यलो, पन तिची बोली कधी आयकली नाई. तुमी म्हनून दाखवता का? तिचं कोनतंही बोलनं. ते लेक घरी येते तव्हाचं म्हना."

सुचिताबाईंनी डोळे मिटले. ते पान मराठीत त्यांनी वाचलं होतं. आता ते आईच्या आवाजात मागं न्यायचं होतं. सुरुवात अडखळत झाली. मग जमलं. कधी निघालीस, उन्हातून आलीस, आधी पाय धू, पुंटिकूरची भाजी केलीय, तुला आवडते म्हणून, बस आणि जेव. शेवटी शेवटी तर त्या राजव्वाचं सोडून भलतंच बोलत होत्या. किती वाळलीस, सासूनं धाडलं का सुखानं, हे पुस्तकात कुठंच नव्हतं.

सर कान देऊन ऐकत होते. दाराआड निता उभी होती.

"आयकाले गोड वाटते," सर म्हणाले. "काय म्हनलं तुमी?"

सुचिताबाईंनी सांगायला सुरुवात केली. "ती म्हणते, कधी निघालीस. उन्हातून आलीस. पाय धू. अंबाडी केलीय..." आणि त्या थांबल्या. त्यांनाच ते ऐकवेना. एक प्रकारची आंबट पालेभाजी काय आणि हे काय, सारखंच कोरडं.

"एवढंच?" सरांनी विचारलं.

"एवढंच," त्या म्हणाल्या.

त्यांना गाडीत बसवायला सर स्टँडपर्यंत आले. वाटेत फारसं बोलणं झालं नाही. गाडी दिसल्यावर ते घाईनं म्हणाले, "पुस्तक पुरस्काराले पाठवलं म्हने प्रकाशकानं. हिंदीवरून हाये असं छापून आलं तं बाद होईन. तुमाले लिवायचं ते लिवाच, मी नाई म्हनत नाई. पन सांभाळून घेता आलं तं पाहा." आणि हे बोललो याची त्यांनाच लाज वाटल्यासारखे ते मान वळवून गाडीची पाटी वाचू लागले.

सुचिताबाईंनी परीक्षण लिहायला घेतलं तेव्हा पहिले काही कागद वाया गेले. सांभाळून घ्यायचं म्हणजे ठरलेला परिच्छेद लिहायचा. हात आपोआप तिकडंच वळत होता. त्या माणसानं फसवलं नव्हतं. त्याला फसवण्यात सामील करून घेतलं होतं, आणि तो घाबरून गप्प बसला होता. पण 'मूळ तेलुगू' हे दोन शब्द वाचून आपण ठेवणीतली साडी नेसून मेडशीला गेलो, हेही खरं होतं. आणखी कुणी तरी ते वाचून असंच फसेल.

शेवटी त्यांनी सगळं लिहिलं. अनुवाद हिंदीवरून झाला आहे, अनुवादकानं तसं नमूद केलं होतं, प्रकाशकानं ते वगळलं. ते पुढच्या आवृत्तीत छापलं पाहिजे. मधल्या भाषेमुळं काय काय हरवलं, ते त्यांनी अंबाडीपासून 'येते'पर्यंत दाखवून दिलं. मूळ पुस्तक आपण वाचलेलं नाही, ती लिपी आपल्याला येत नाही, आपण कानानं वाचलं आहे, हेही लिहिलं. आणि सर्वांत शेवटी, आजवरच्या परीक्षणांत कधी न वापरलेला 'मी' वापरून एक परिच्छेद लिहिला. 'या पुस्तकात मला माझ्या आईचा आवाज ऐकू आला. दोन भाषा ओलांडून तो माझ्यापर्यंत पोचला. ज्याला तेलुगूचा एक शब्द येत नाही, अशा माणसानं तो पोचवला. हे कसं झालं ते मला सांगता येत नाही, पण त्याचं श्रेय श्री. राठोड यांचं आहे.'

संपादकांचा फोन आला तेव्हा त्या भाजी निवडत होत्या.

"मॅडम, छान लिहिलंय, पण जरा वैयक्तिक झालंय. आणि तो प्रकाशकाचा भाग... तुम्ही मूळ संहिता वाचलेली नाही असं स्वतःच म्हणता. मग आपण कशाच्या आधारावर लिहिणार?"

"आजवर कशाच्या आधारावर लिहीत होते मी?" सुचिताबाईंनी विचारलं. "बंगाली तरी कुठं येते मला?"

संपादक हसले. "ती गोष्ट वेगळी. त्यानं कोणाचं काही बिघडत नाही. बघतो मी, थोडं हात फिरवून घेतो."

त्यांनी हात फिरवला. मासिक आलं त्यात राजव्वाचं कथानक होतं, ग्रामीण जीवनाचं चित्रण होतं, आणि शेवटी होतं, 'श्री. राठोड यांनी केलेला अनुवाद सहज आणि ओघवता झाला आहे. मुखपृष्ठ समर्पक.' खाली नाव, सुचिता मामिडवार. सुचिताबाईंनी ते एकदा वाचलं. ते वाक्य संपादकांनी नवं लिहिलेलं नव्हतं. त्यांच्याच जुन्या परीक्षणातून उचललं होतं.

दोन-तीन दिवसांनी, दिवस कलताना, अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मॅडम, मी उदयसिंग बोलून राह्यलो. मेडशीहून. खाली रेंज नाई भेटत, गच्चीवर आलो. मासिक आलं. लय सांभाळून घेतलं तुमी. मी त्या दिवशी तसं बोललो, मंग मले झोप नाई. वाटे, काहून आपन त्या बाईले संकटात टाकलं. पन तुमी... काय म्हनू, उपकारच झाले."

सुचिताबाईंच्या ओठांवर आलं होतं, असू द्या हो. एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. तिकडं एक म्हातारा माणूस गच्चीवर उभा राहून सुखावला होता.

"सर," त्या म्हणाल्या, "मी सांभाळून घेतलं नव्हतं. मी सगळं लिहिलं होतं. त्यांनी छापलं नाही."

पलीकडं वाऱ्याचा आवाज येत राहिला.

"सगळं म्हंजे?"

"हिंदीवरून आहे ते. 'जाते'चं. सगळं."

"अस्सं." मग हळूच, "अन् आखीन काय लिवलं होतं?"

"वाचून दाखवू? कच्चा कागद आहे माझ्याकडं."

"वाचा. मी आयकतो."

सुचिताबाईंनी कपाटातून कागद काढले आणि खिडकीशी खुर्ची ओढली. वाचायला लागल्या. मधल्या भाषेमुळं झालेलं नुकसान त्यांनी फार सविस्तर लिहिलं होतं. आता मोठ्यानं वाचताना ते त्यांना फारच कठोर वाटलं. एक वाक्य गाळावंसं वाटलं, पण गाळलं नाही. प्रकाशकाचा भाग झाला, अंबाडी झाली, दोन्ही भाषांतलं निघणं झालं. स्वतःच्या अज्ञानाचा परिच्छेदही झाला. त्या पान उलटताना थांबल्या.

"ऐकताय ना, सर?"

उत्तर आलं नाही. त्यांनी फोन कानापासून काढून पाहिला. कॉल कधीच तुटला होता. नेमका कुठल्या वाक्याला, ते कळायला काही मार्ग नव्हता. त्यांनी तो नंबर लावला. ग्राहक संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे, असं एक बाई शांतपणे सांगत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

मागच्या मळ्यात जिजाबाई कुणाला तरी हाक मारत होती. शेवटचा परिच्छेद वाचायचा राहिला होता. सुचिताबाईंनी फोन मांडीवर ठेवला, कागद उजेडाकडं धरला, आणि वर्गात धडा वाचायच्या तशा स्वच्छ आवाजात, जिथं थांबायचं तिथं थांबत, तो पूर्णविरामापर्यंत वाचून काढला.